डोईफोडे सरांचं उपाशी तळं

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यापायी एकदा अख्खं तळं चुकीच्या जागी खणलं गेलं. माझ्या हातून घडलेलं एवढंच एक सार्वजनिक काम. एरवी मी मराठीचा मास्तर, फावल्या वेळातला कवी आणि पावसाळाभर सर्दीने बेजार. तळ्याशी माझा संबंध कवितेपुरता, तोही कमळं असलेल्या तळ्याशी. पण शेजारच्या वर्गात डोईफोडे सर शास्त्र शिकवायचे, आणि त्यांच्या शेजारी राहून अंग कोरडं ठेवणं कुणालाच जमलेलं नाही.

सर आठवीला ऑक्सिजन शिकवायला लागले की माझ्या दहावीला तो पाठ व्हायचा, असा आवाज. मृग लागला की पँट पोटरीपर्यंत दुमडली जायची, ती दिवाळीलाच खाली यायची. चहा बशीतून, तोही फुर्र करून. आवाज न करता चहा पिणाऱ्या माणसावर भरोसा ठेवू नये असं त्यांचं मत होतं, आणि मी आवाज न करता पीत असे. बोलणं आपल्या पोखर्णीकडच्या गावाचं. पुस्तकी मराठी फक्त फळ्यावर. आणखी एक सवय मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. चूक झाली की माणसं आवाज खाली घेतात, सर वर न्यायचे. "चुकलो!" हे ते भर पारावर, पोरीचं लग्न जमल्याचं सांगावं तसं सांगायचे आणि स्वतःच हसायचे. मग टर उडवायला आलेल्यांची पंचाईत व्हायची.

आमचं गाव ताडकळस आणि पूर्णा यांच्या मधलं. नाव सांगत नाही, तिथं मला ओळखणारे अजून आहेत. शाळा उतारावर बांधलेली. वरच्या अंगाला माळ, खालच्या अंगाला ओढा, आणि ओढ्याच्या काठाला दलितवस्ती. मोठा पाऊस झाला की माळावरचं सगळं पाणी थेट नववीच्या वर्गात यायचं. बाकं तरंगायची, भिंती ओल धरायच्या, शाळेला सुट्टी. वरच्या साहेबांकडून सारखं बोललं जायचं की ही जागा धोक्याची आहे, नववी-दहावी पूर्णेच्या शाळेला जोडून टाका. मुलांना काय, ती सायकलवर टांग टाकून गेली असती. मुलींचं मात्र शिक्षण तिथंच संपलं असतं. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. एसटी कुठं अडवतील, कधी दगड पडेल, नेम नव्हता. अशा गाडीत वयात आलेली मुलगी कोण बसवणार?

तेव्हा शाळेच्या खालच्या वर्गात सुमन नावाची मुलगी होती. माझ्या कविता न हसता वाचणारी गावातली एकुलती एक व्यक्ती, त्यामुळे तिच्या हुशारीबद्दल मी जे सांगेन ते थोडं कमी करून घ्यावं. पण ती खरंच हुशार होती. तिचे वडील किशनराव, पंधरा गावांत नाव असलेल्या बैलजोडीचे मालक. त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगून टाकलं होतं. "गावात शाळा हाय तवर शिकवतो. पूर्णेला धाडणार न्हाई. ह्या टायमाला तर बिल्कुल न्हाई."

सरपंचांनी उपाय काढला तो सोपा. शाळेच्या कडेनं एक खोल चर खणायचा आणि पाणी सरळ ओढ्यात सोडायचं. बैठकीत सगळ्यांनी माना डोलवल्या. सर उठले.

"पाणी ओढ्यात जायच्या आधी वस्तीतल्या घरांत जाईल, त्याचं काय?"

"ते बघू की मग," कुणीतरी म्हणालं.

"दारात आलेला पावणा धक्के मारून शेजाऱ्याच्या घरात घुसवायचा, ह्याला निचरा म्हंतेत व्हय? मी न्हाई होऊ देणार."

ओढ्याकाठच्या घरांनी त्या वर्षांत आधीच नको ते सोसलं होतं, आणि चारचौघांत त्यांची बाजू घ्यायला छाती लागत होती. मी समतेवर कविता लिहीत होतो, त्यामुळे मला बोलायला सवड नव्हती. सरांनी दोन्ही हात असे खाली दाबून दाखवले. "पावण्याला आधी बस मनावं. च्या पाजावा. मंग जा मनावं. पाण्याचं बी तसंच हाय. वरच्या अंगाला तळं करू. पाणी तिथं बसंल, दम खाईल, मंग हळूहळू जाईल. ना शाळेत, ना वस्तीत."

"कोणतं तळं?" मी विचारलं. मला वाटायचं तळं म्हणजे तळं. हा प्रश्न मला महागात पडला.

त्याचं उत्तर सरांनी पुढच्याच आठवड्यात एका लग्नाच्या पंगतीत दिलं. मी नवी टेरिलीनची पँट घालून त्यांच्या शेजारी बसलो होतो, यावरून माझी अक्कल कळावी. सरांनी भातात आळं केलं आणि वरण ओतलं. वरण भातात मुरलं. "हे पाझर तळं. पाणी पोटात घेतंय आन खालच्या हिरीला देतंय." मग कढीची वाटी पुढं ओढली. "हे भरलेलं तळं. ह्यात बारमाही पाणी. नवं पाणी आलं की गाळ खाली बसायलाय, निवळलेलं पुढं जायलाय." मग द्रोण उचलला, त्याच्या बुडाला काडीनं बारीक भोक पाडलं, त्यात कढी ओतली आणि मला नीट दिसावा म्हणून तो माझ्या मांडीवर धरला. "आन हे तिसरं. येकदम भरतंय, बारीक धारेनं रितं व्हतंय. पाऊस थांबला की कोरडं ठाक. का? दुसऱ्या पावसाला जागा पायजे ना!" सगळी कढी माझ्या पँटीतून हळूहळू, अगदी शास्त्रशुद्ध रीतीनं उतरली. वाढप्यानं मला दुसरा द्रोण हवा का विचारलं.

सरांनी पाझर तळं पसंत केलं. जागा ठरवायला उताराची मोजणी करायची होती. त्यासाठी लांब पारदर्शक नळीत पाणी भरलं. एका टोकाला सर, दुसऱ्या टोकाला मी. नळीची दोन्ही तोंडं उघडी असली की दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येतं. सर तिकडून ओरडायचे, "वर घ्या! आजून वर! आजून!" मी हात वर घ्यायचो. पाणी सांडू नये म्हणून मी काळजीनं अंगठा नळीच्या तोंडावर घट्ट दाबून धरला होता. आत हवा कोंडल्यावर पाणी हलणार कसं? शाळेच्या सगळ्या पोरांनी श्रमदान करून खड्डा खणला. पाऊस आला आणि पाणी त्या खड्ड्याला वळसा घालून, जणू ओळख नसल्यासारखं, नववीच्या वर्गात गेलं. सर पारावर जाऊन "चुकलो!" म्हणून ओरडून आले. नंतर पुन्हा मोजणी करताना त्यांचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. "कवीराज," ते हताश होऊन म्हणाले, "आंगठा काढा." तेव्हापासून गावात माझं नाव अंगठेबहाद्दर पडलं.

दुसरा खड्डा उन्हाळ्यात, योग्य जागी खणला. आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. सरांनी सगळ्या गावासमोर एका भेगेत घागरभर पाणी ओतलं. पाणी गडप. "बगा, कुठं गेलं? अशी तहानलेली जमीन हाय!" लोकांनी टाळ्या पिटल्या. मी लगेच तहानेवर कविता केली. आम्ही सगळे त्याच मातीत वाढलेले, पण ही माती भिजली की फुगते आणि तिच्या भेगा मिटतात, हे पेरणी करणाऱ्या एकाही माणसाला त्या टाळ्यांच्या भरात आठवलं नाही. चार पाऊस झाले आणि तळं तुडुंब भरलं, ते तसंच राहिलं. मुरेना, हलेना. म्हशी त्यात बसायला लागल्या. पुढच्या पावसाला तळ्यात जागाच नव्हती, म्हणून पाणी आपल्या जुन्या वाटेनं नववीत गेलं. "चुकलो!" सर ओरडले. "काळीत पाझर तळं! आरं मी शास्त्राचा का शेणाचा मास्तर?"

मग आलं तिसरं, द्रोणाच्या भोकाचं. त्याच तळ्याच्या बांधात तळाशी सिमेंटचा एक बारका पाइप बसवला. अगदीच जास्त झालं तर वरून जायला कडेला दगडी सांडवा. आणि हे तळं चाललं! पाऊस आला की भरायचं, पाइपातून मनगटाएवढी धार चालू व्हायची, दुसऱ्या दिवशी तळ कोरडा. शाळेत थेंब नाही. ओढासुद्धा बेतानं वाहायचा. सर त्या पाइपाजवळ तासन्‌तास उकिडवे बसायचे, बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवरा बसतो तसे.

गावाला मात्र ते तळं पटेना. पाणी नाही ते तळं कसलं? पावसाळ्यात शेजारची डबकी भरलेली आणि आमचं तळं रितं. पोरं त्यात खो-खो खेळायची. लोकांनी त्याला उपाशी तळं म्हणायला सुरुवात केली. "सर, तुमचं तळं कवा जेवणार?" सर म्हणायचे, "ते उपाशी हाय मनूनच तुमच्या पोरी शाळेत हायेत."

आणि पोळा तोंडावर आला.

ओढ्यात बैल धुवायचे तर काठ निसरडा आणि पाणी गढूळ. किशनरावांना वाटलं, आपल्या जोडीला यंदा तळ्यात आंघोळ घालावी. त्यांनी पोत्यात माती भरून पाइपाचं तोंड बुजवलं. लपूनछपून नाही, दिवसाढवळ्या, चार माणसं हाताशी घेऊन. पाऊस झाला, तळं भरलं, निवळलं. इतकं पाणी पाहून गाव हरखलं. सर तावातावानं तिथं गेले. मीही मागं गेलो, छत्री घेऊन.

किशनरावांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "सणापुरतं राहू द्या, सर. जनावर वर्सभर राबतंय. येक दिस तरी त्याला चांगल्या पाण्यानं धुवू."

सर शेतकऱ्याचं पोर. घरची जोडी कधीच विकली गेलेली, ते त्यांना अजून सलायचं. त्यांनी बैलाच्या कपाळावर हात फिरवला आणि पँट आणखी वर दुमडून पाण्यात उतरले. पोळ्याच्या सकाळी किशनरावांची जोडी सरांनीच धुतली. एवढं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. किशनरावांनी आम्हा दोघांना पुरणपोळीला बसवलं. पोतं संध्याकाळी काढू, असं ठरलं.

पाऊस दुपारीच आला. बैल झुली घालून तोरणाखाली उभे होते. माळ धुऊन निघाला. तळ्यात कणभर जागा नव्हती, आणि सांडव्याला तो लोंढा झेपेना. बांधावरून पाणी आलं ते नववी-दहावी दोन्ही वर्गांत मांडीएवढं भरलं. एक भिंत खचली. खाली वस्तीत घरोघरच्या चुली विझल्या. सर भिजत शाळेच्या दारात उभे राहिले. "चुकलो," ते म्हणाले. मी शेजारीच होतो, तरी मला नीट ऐकू आलं नाही.

व्हायचं तेच झालं. वरून आदेश आला की वरचे वर्ग पूर्णेला जोडायचे. मुख्याध्यापकांनी हातापाया पडून मुदत मागितली आणि मिळाली ती अशी की पुढचा पावसाळा बघायचा. एकदा जरी वर्गात पाणी शिरलं, तर विषय संपला.

एका सकाळी किशनराव शाळेत आले. ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सुमन आत वर्गात ओल्या भिंतीजवळचं बाक पुसत होती.

"सर, पोरीनं दोन दिस झाले माझ्याशी बोलणं सोडलंय," ते म्हणाले. "मी तिला पूर्णेला धाडू शकत न्हाई. माझ्यात तेवढा दम न्हाई. आन शाळा तर मीच बुडवली."

"तुमी एकल्यानं न्हाई. मी बी पोळी खाल्ली."

"पर मला येक सांगा," किशनराव एकदम तडकले, "बैल धुवायचे कुठं? तुमचं तळं उपाशी ठेवायचं ते ठेवा. बैलांनी काय करावं?"

मला वाटलं आता भांडण लागणार, म्हणून मी खडू आणायला आत जायला निघालो. पण सर खदखदून हसायला लागले. त्या पोळ्यानंतर पहिल्यांदाच. "बरोबर हाय! आरं, बरोबर हाय! ज्याला भरलेलं पायजे त्याला भरलेलं द्या. वर येक, खाली येक!" त्यांनी किशनरावांच्याच टोपीत आणि माझ्या चहाच्या बशीत आपली दोन तळी मांडून दाखवली. वरचं छोटं, कायम भरलेलं. माळावरून येणारा गाळ-गोटे त्यातच बसतील, बैल त्यातच धुवायचे. तिथून निवळलेलं पाणी खालच्या उपाशी तळ्यात. तिथला पाइप गाळानं कधी बुजणार नाही, आणि तळं रोज रितं.

वरच्या तळ्याला जागा हवी होती. किशनरावांनी आपल्या शेताचा माळाकडचा कोपरा दिला, आणि माती ओढायची केणी आपल्याच नावाजलेल्या जोडीला जुंपली. काळी माती पाणी सोडत नाही, ही जी आमची फजिती होती, तीच इथं कामाला आली. वरच्या तळ्याचं पाणी हलणार नव्हतं. बांधावर वस्तीतली माणसंही आली, कारण त्यांच्या चुली त्याच पाण्यावर टांगलेल्या होत्या. सरपंच बघून गेले. मी पुन्हा नळी धरली. अंगठा बाजूला ठेवून.

पुढच्या पावसाळ्यात तो पाऊस भर शाळेच्या वेळी आला. मी नववीला, म्हणजे आता सुमनच्या वर्गाला, कविता शिकवत होतो, सुदैवानं दुसऱ्याची. खिडकीतून दिसत होतं की खालचं तळं भरत चाललंय आणि पाइपाची धार बारीक होत चाललीय. कुठलातरी कडबा वाहून येऊन पाइपाच्या तोंडाशी अडकला होता. सर कमरेएवढ्या पाण्यात उतरले. त्यांच्यामागून किशनराव. दोघं हातांनी कडबा उपसत होते. पाणी बांधाच्या काठाला टेकलं, सांडव्यावरून सुटलं, शाळेच्या पायरीकडं सरकलं. पोरी पाय वर घेऊन बसल्या. मी पुस्तक मिटलं आणि वर्ग सोडतो म्हणालो.

"कवीराज! वर्ग सोडू नका!" पावसातूनही तो आवाज आला. "शिकवा! काय व्हत न्हाई!"

मला मिटलेल्या पुस्तकातलं पान सापडेना. सुमननं पुस्तक उचललं, उभी राहिली आणि राहिलेली कविता मोठ्यानं वाचायला लागली. बाहेर तिचा बाप पाण्यात उभा होता, त्याला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. पाणी पहिली पायरी चढलं, दुसरीला शिवलं आणि तिथंच थांबलं. मग एकदम पाइपातून भसकन धार सुटल्याचा आवाज आला. मी रडलो. सर्दी होती, असं पोरींना सांगितलं. संध्याकाळी वस्तीतून एक म्हातारा खास सांगायला आला की औंदा पाणी दारातून आत आलं नाही. सरांनी त्याला बसवून बशीतून चहा पाजला.

वर्ग राहिले. सुमन दहावी झाली, पुढं परभणीला नर्स झाली. माझी बदली सेलूकडं झाली आणि तळ्यांपासून सुटका झाली म्हणून मी आनंदलो, तो आनंद आठवडाभर टिकला.

सर निवृत्त झाले तेव्हा नामांतर होऊन काही महिने लोटले होते. पावसानं उघडीप दिली होती, म्हणून पोरांनी हौसेनं सत्कार उपाशी तळ्यातच ठेवला. खाली हिरवळ, वर कनात, खुर्च्या, शाल, श्रीफळ. सुमन बोलायला उभी राहिली. "मी नववीत असताना…" एवढंच ती म्हणाली आणि गळ्यात हार असलेले सर खुर्चीतून उठले. ते पश्चिमेकडं बघत होते.

"सुमन, थांब बाई. उठा सगळे! ही पावण्याची जागा हाय, मोकळी करा!"

आपापल्या खुर्च्या डोक्यावर घेऊन सगळं गाव तळ्यातून बाहेर पळालं. सरपंचांनी श्रीफळ उचललं, मी एक जमखाना उचलला आणि त्यातच पाय अडकून पडलो. पाऊस आला. बसायला खुर्च्या होत्या तिथं पाणी आलं. शाळेच्या ओट्यावर आम्ही चार-पाच ओली माणसं उरलो. सुमननं आपलं भाषण तिथं पुरं केलं. "मी नववीत असताना वर्गात पाणी आलं न्हाई, सर. येवढंच सांगायचं व्हतं." सरांनी नुसती मान हलवली.

माझी सेलूकडची शेवटची गाडी निघायची वेळ झाली होती. मी पिशवी उचलली. "बसा की जरा," सर म्हणाले, "मंग जा." मी बसलो. गाडी गेली. आम्ही दोघं चहा पीत तळं रितं होताना बघत राहिलो. मी त्या दिवशी मुद्दाम फुर्र आवाज केला. सरांनी वळून बघितलं आणि समाधानानं आपली बशी पुढं केली.

सकाळच्या गाडीतून मी त्यांना पाहिलं, ते शेवटचं. गाडी बांधाच्या कडेनं वळते. तळं रितं झालं होतं. सर चिखलात उभे होते, कालची सत्काराची शाल कमरेला गुंडाळून, पाइपाच्या तोंडातून आपल्याच हारातल्या झेंडूच्या पाकळ्या काढत. मी खिडकीतून हात हलवला. त्यांनी डोळ्यांवर पंजा धरून बघितलं, ओळखलं, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले,

"वर घ्या, कवीराज! आजून वर!"

कंडक्टर "मास्तर, हात आत घ्या" म्हणून खेकसत होता. मी हात वर घेतला. अजून वर घेतला. गाडी वळून तळं दिसेनासं झालं, तरी तो तसाच बाहेर होता, अंगठा मोकळा ठेवून.